९९९९ इन वन आणि आमच्या नाताळचं बदक

डिसेंबर लागला की आपल्या श्रोत्यांच्या ग्रुपवर हमखास एक विषय निघतो, लहानपणीची खेळणी. परवा कुणीतरी बेब्लेडचा फोटो टाकला आणि रात्रभर मोबाईल वाजत होता. म्हणून म्हटलं, आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू नाही, आज एक खेळणं.

मी वसईचा. आमच्या घरी खेळणं मिळायचं ते वर्षातून एकदा, नाताळला. वाढदिवसाला केक आणि कंपासपेटी, नाताळला खेळणं, असा अलिखित नियम. एका वर्षी चावीचं माकड आलं. एका वर्षी रिमोटची गाडी आली, पण तिचा रिमोट वायरने गाडीलाच जोडलेला, त्यामुळे गाडीच्या मागे आपणच धावायचं. आणि २००५ च्या नाताळला आला व्हिडिओ गेम. टीव्हीला लावायचा, पिवळ्या कॅसेटचा, दोन रिमोट आणि एक काळी गन असलेला. नव्वदीत जन्मलेल्यांना वेगळं सांगायला नको.

जगात प्लेस्टेशन २ येऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. आमच्याकडे आलेली वस्तू १९८३ च्या जपानी यंत्राची नक्कल होती. निंटेंडोने त्या वर्षी फॅमिकॉम काढला, मासायुकी उएमुरा नावाच्या इंजिनिअरने तो डिझाईन केला, आणि पुढे त्याच्या नकला अर्ध्या जगाने बनवल्या. म्हणजे मी आठ वर्षांचा असताना बावीस वर्षं जुनं मशीन नवीन म्हणून खेळत होतो, आणि मला ते भविष्यातून आल्यासारखं वाटत होतं.

आता ते आलं कसं, ते सांगतो. त्या वर्षी पप्पांची कंपनी बंद पडली होती. नाताळला आमच्याकडे सगळ्यांना नवे कपडे लागतातच, मध्यरात्रीच्या मिस्साला अख्खं गाव नवं घालून येतं. मम्मीने मला आणि ताईला बसवून सरळ विचारलं, कपडे की गेम? दोन्ही जमणार नाही. मी आठ वर्षांचा, मला कपड्यांशी काय देणंघेणं! ताई चौदाची. ती एक मिनिट गप्प बसली आणि म्हणाली, गेम. त्या रात्री ती मावशीच्या लग्नातला ड्रेस घालून चर्चला आली. चौदाव्या वर्षी, मैत्रिणींसमोर. मम्मी अजूनही ही गोष्ट सांगताना आधी त्या ड्रेसचा रंग सांगते.

पप्पा मला घेऊन मनीष मार्केटला गेले. खोक्यावर कुठल्यातरी वेगळ्याच गेमचं झकास चित्र होतं, आत तसलं काहीच नव्हतं. दुकानदाराने साडेसातशे सांगितले, पप्पांनी साडेपाचशेला आणला. आणि मग संध्याकाळची विरार लोकल! पप्पांनी ते खोकं वसईपर्यंत डोक्यावर धरलं होतं. ज्यांनी त्या गाडीने प्रवास केलाय, त्यांना या वाक्याची किंमत कळेल.

कॅसेटवर लिहिलं होतं ‘९९९९ इन वन’. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम्स! मी वहीत हिशोब केला, रोज एक खेळला तरी सत्तावीस वर्षं पुरतील. मग यादी खाली सरकवत गेलो आणि साधारण दहाव्या-बाराव्या नंबरनंतर तोच मारिओ पुन्हा आला. मग तोच काँट्रा, मग परत मारिओ, फक्त दुसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारा. नाव जरा बदललेलं, खेळ तोच.

इंजिनिअर झाल्यावर हा प्रकार मला जास्तच आवडायला लागला. आत मोजकेच गेम्स असायचे. यादी मात्र हवी तेवढी लांब, कारण यादीतली एक ओळ म्हणजे फक्त एक पत्ता: ‘अमुक गेम उघड, तमुक लेव्हलपासून.’ शेकडो ओळी एकाच गेमकडे बोट दाखवतात. आज आम्ही ऑफिसमध्ये हेच करतो आणि त्याला फीचर म्हणतो. असो.

मशीनची ताकद ऐका. प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झ. कामाची मेमरी २ केबी. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह साठवायला आज तीन बाईट लागतात, म्हणजे मी आत्ता बोललो त्यातले दोन-तीन परिच्छेदसुद्धा त्या मेमरीत मावले नसते. १९८५ चा अख्खा सुपर मारिओ ४० केबीचा. या एपिसोडचा लिहिलेला मजकूर साधारण अर्धा मारिओ भरेल. जागा वाचवायला त्या लोकांनी आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकाच चित्रातून काढलं, फक्त रंग बदलला. विश्वास नसेल तर आज रात्री बघा. एकदा दिसलं की झुडूप परत झुडूप दिसत नाही.

काँट्राबद्दल एकच सांगतो. वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, बी, ए, स्टार्ट. तीस जीव! हे आमच्या गल्लीत कुठून आलं कुणालाच माहीत नव्हतं, इंटरनेट कुणाकडे होतं? तरी पोराटोरांना पाठ. मूळ कोड कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांचा. ग्रेडियस नावाचा गेम तपासताना तो त्यांनाच इतका अवघड जायला लागला की त्यांनी स्वतःसाठी ही पळवाट ठेवली, आणि ती काढायची राहून गेली. टेस्टिंगसाठी लिहिलेली ओळ प्रोडक्शनला गेली. आपल्यातल्या किती जणांनी हे केलंय, हात वर करायची गरज नाही.

कॅसेट चालली नाही की आम्ही फुंकर मारायचो. सगळेच मारायचे. खरं तर फुंकरीने काही होत नव्हतं, उलट तोंडातली वाफ पट्ट्यांवर बसायची. कॅसेट काढून पुन्हा नीट बसवली की संपर्क जुळायचा, आणि श्रेय फुंकरीला जायचं. ताईची फुंकर सगळ्यात पॉवरफुल मानली जायची, आणि तो मान ती मिरवायची पण.

वेळ मिळायचा थोडाच. एक तर ‘पिक्चर ट्यूब उडेल’ हा आजीचा धाक, दुसरं म्हणजे भारनियमन. तुम्ही शेवटच्या लेव्हलला आणि लाईट गेली की संपलं, सेव्ह बिव्ह काही नाही. टँकच्या गेममध्ये, त्याचं खरं नाव बॅटल सिटी, दोघांनी मिळून आपला गरुड वाचवायचा असतो. पण भावाची गोळी बहिणीला लागली तर ती काही वेळ जागेवर थिजते. त्यावरून आमच्याकडे झालेली भांडणं मोजली तर ९९९९ हा आकडा खरा ठरेल.

पण माझा जीव होता गनमध्ये. बदकांचा गेम, डक हंट. मी गन धरून टीव्हीपासून चार फुटांवर उभा, ताई मागे खाटेवर, हातात दुसरा रिमोट. ती म्हणायची, ‘तू खेळ, मी नुसती बसते.’ काही दिवस बदकं सरळ उडायची, पटापट पडायची. काही दिवस मात्र ती इतकी हुशार व्हायची की बस! नेम धरला की झपकन खाली, मग उलटी वर. तीन गोळ्या संपायच्या आणि तो कुत्रा गवतातून वर येऊन खी खी हसायचा. त्या कुत्र्याचा राग अजून गेलेला नाही.

ताई आता डब्लिनला नर्स आहे. गेल्या नाताळला ती येऊ शकली नाही, ड्युटी होती. मी माळ्यावरून खोकं काढलं, नवा अॅडॅप्टर आणला, पिवळी-पांढरी वायर एलईडी टीव्हीला जोडली आणि तिला व्हिडिओ कॉल लावला. मारिओ चालू झाला! वीस वर्षांनी, तोच ‘टुंग’ आवाज. काँट्राही चालला. गन मात्र मेली. कितीही दाबा, एक बदक पडेना.

गन बिघडलेली नव्हती. गनमधून काही बाहेर जातच नाही, ती फक्त बघते. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. गनच्या नळीला त्याच क्षणी उजेड दिसला तर नेम लागला. जुना डबा टीव्ही सिग्नल येताक्षणी चित्र काढायचा. आजचा टीव्ही आधी चित्र घेतो, त्यावर प्रक्रिया करतो, मग दाखवतो. उशीर अगदी किंचित असतो, पण तेवढ्यात गनची वेळ निघून गेलेली असते. चौकोन येतो तेव्हा गन बघायची थांबलेली असते.

हे सगळं मी ताईला कॉलवर रंगवून सांगत होतो, तर ती हसायलाच लागली. म्हणाली, ‘अरे, बदक मी उडवायचे.’

मी म्हटलं, म्हणजे?

‘माझ्या हातातल्या रिमोटने. सहज बटणं दाबत होते, तर लक्षात आलं बदक माझं ऐकतंय. तू दुपारी माझी वही फाडलीस की संध्याकाळी बदक हुशार.’

कॉल ठेवल्यावर मी शोधलं. खरं आहे, मंडळी! एका बदकाच्या खेळात दुसऱ्या रिमोटने बदक फिरवता येतं, मूळ गेमच्या माहितीपुस्तिकेत तसं लिहिलेलंसुद्धा आहे. पण मनीष मार्केटच्या खोक्यात कसली पुस्तिका? त्यामुळे चौदा वर्षांच्या एका मुलीने गुपित वीस वर्षं सांभाळलं. नवा ड्रेस सोडून घेतलेल्या गेममध्ये तिने स्वतःचा खेळ शोधला होता, आणि तो मलाच खेळवायचा होता. मला तर वाटायचं तिला गेम्स आवडतच नाहीत.

तर आता मुद्द्याचं. ताई चार वर्षांनी २२ डिसेंबरला घरी येतेय, सोबत तिची सहा वर्षांची मुलगी. मुलीने आतापासून सांगून ठेवलंय की बदक ती उडवणार आणि मामा गन धरणार. आमचा जुना टीव्ही कधीच भंगारात गेला. वसई ते विरार, अगदी भाईंदरपर्यंत चालेल, कुणाकडे पिक्चर ट्यूबचा चालू टीव्ही असेल, कितीही इंची, फक्त पिवळी पिन लागायची जागा हवी, तर ग्रुपवर मेसेज टाका. मी टेम्पो घेऊन येतो, पाचव्या दिवशी परत आणून देतो, सोबत मम्मीच्या हातच्या करंज्या. रंग थोडे फाटलेले असले तरी हरकत नाही, बदक दिसलं म्हणजे झालं.