एका धंद्याची तीन आडनावं

वॉकर, फुलर आणि टकर. इंग्लंडमधली ही तीन आडनावं एकमेकांपासून दूरची वाटतात, पण तिन्ही एकाच कारागिराची आहेत.

मध्ययुगात लोकरीचं कापड मागावरून उतरायचं ते विरळ आणि तेलकट. ते हौदात भिजवायचे, त्यात शिळं मूत्र आणि मुलतानी मातीसारखी तेल शोषणारी माती घालायचे. मग हे कारागीर आत उतरून तासन्‌तास ते कापड पायांनी तुडवायचे. धागे एकमेकांत गुंतायचे, कापड आटून दाट व्हायचं. शेवटी ते चौकटीवर आकड्यांनी ताणून वाळवायचे. इंग्लंडला लोकरीच्या व्यापाराने श्रीमंत केलं. त्यामागे दुर्गंधीत उभ्या राहिलेल्या या माणसांची मेहनत होती, आणि तिची आठवण ठेवायलाच हवी.

बाराव्या शतकाच्या अखेरीस पाण्यावर चालणारे लाकडी हातोडे हे काम करू लागले. टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या मालमत्तेच्या ११८५ सालच्या नोंदीत अशा गिरण्या आहेत. पाय थांबले, पण धंद्याचं नाव तेच राहिलं. पुढे चौदाव्या शतकाच्या आसपास आडनावं बापाकडून मुलाकडे जाऊ लागली आणि ते नाव घराण्याला कायमचं चिकटलं, मुलगा शेतकरी झाला तरीही.

तीन नावं कशी झाली? प्रत्येक भागाची बोली वेगळी होती. उत्तरेकडे आणि मध्य इंग्लंडात वॉकर, आग्नेयेला फुलर, नैऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडे टकर. डेव्हनमधल्या एक्झिटर शहरात या कारागिरांच्या संघाचा पंधराव्या शतकातला ‘टकर्स हॉल’ आजही उभा आहे.