"अगं, यात मी कुठं?"

आज बचतीचा हिशेब नाही, कर्जाचे हप्तेही नाहीत. आज आम्ही एका चित्राबद्दल बोलणार आहोत.

आमच्या गटाला दहा वर्षं झाली तेव्हा बैठकीच्या खोलीत पहिल्या सभेचं चित्र लावायचं ठरलं. गटातल्याच एका ताईंची मुलगी ए.टी.डी. झालेली. तिनं जुन्या फोटोवरून तैलचित्र काढलं. आम्ही अकरा जणी सतरंजीवर, पुढं डाव्या हाताला पांढऱ्या शर्टातले पाहुणे साहेब उभे. सगळ्यांना चित्र आवडलं. फक्त काकू बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, यात मी कुठं?"

काकू होत्या. कोपऱ्यात, भिंतीला टेकून, मांडीवर उघडी वही. पण साडी गर्द निळी आणि मागची भिंत काळपट. पहिली तीन वर्षं हिशेब ज्यांनी लिहिला, त्याच भिंतीत विरून गेल्या होत्या.

मुलगी म्हणाली, "तीन पावलं मागं या आणि डोळे किलकिले करून बघा." बघितलं. उठून दिसला तो साहेबांचा शर्ट आणि पुढ्यातली स्टीलची कळशी! मग तिनं चित्राचा मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढला. त्यात लाल साडी आणि हिरवी साडी एकसारखीच राखाडी. तेव्हा कळलं, रंग वेगळा असून भागत नाही. शेजारच्या दोन गोष्टींत उजळ आणि गडद असा फरकही लागतो.

आम्ही म्हटलं, काकूंना मधे घे. काकूच नको म्हणाल्या. "मी तिथंच बसत होते. खोटं कशाला काढायचं? पण भिंत काही काळी नव्हती. खिडकी माझ्याच बाजूला होती."

खरंच होतं. फोटोच्या फ्लॅशनं पुढचं सगळं पांढरंफटक आणि मागचं काळं केलं होतं. मुलीनं फोटोवर विश्वास ठेवला, आम्हीही ठेवला.

मग तिनं अमृता शेरगिल यांच्या 'थ्री गर्ल्स' या चित्राची छापील प्रत दाखवली. १९३५ सालचं हे तैलचित्र दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. बसलेल्या तीन मुली, मागं घरसामान काही नाही. नजर थेट चेहऱ्यांवर जाते.

तैलरंगात बहुधा जवसाचं तेल असतं, आपण चटणी करतो त्याच जवसाचं. ते सावकाश वाळतं. वाळलेल्या थरावर नवा थर देऊन चूक सुधारता येते. मात्र वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा कमी नको, नाहीतर पुढं भेगा पडतात.

तिनं आधी काकूंच्या मागची भिंत उजळली. लगेच काकूंचा चेहरा आणि खांदा वेगळा दिसला. शर्टावर तपकिरी रंगाचा पातळ हात दिला, त्याच्या कडा मऊ केल्या. सगळ्यात पांढरा रंग ठेवला फक्त वहीच्या पानावर. कळशी सतरंजीच्या रंगाखाली गेली. "मी हिशेब वाचायचे तेव्हा सगळ्या माझ्याकडंच बघायच्या," असं काकू म्हणाल्या, म्हणून पुढच्या दोघींचे चेहरे काकूंकडं वळवले. दर वेळी आम्ही मागं सरून डोळे किलकिले करत होतो.

काकू जागच्या हलल्या नाहीत. साहेबही चित्रात आहेतच. पण आता गटात नवी मुलगी आली की पहिल्यांदा विचारते, "या वहीवाल्या कोण?" मग आम्ही सांगतो आणि काकू पदर सारखा करत दुसरीकडं बघतात.

तुमच्या गटाचा जुना फोटो असेल तर आज काढून बघा. डोळे किलकिले करा आणि कोण दिसेनासं होतं ते शोधा. तिचं नाव फोटोच्या मागं लिहून ठेवा.