डॉक्टरांच्या आयुष्याची मोजणी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडांत रोगी तपासून झाल्यावर सिगारेट पेटविणारा डॉक्टर कोणाच्या डोळ्यांत खुपत नसे. पुरुषांत तंबाखू न ओढणारा विरळाच. त्याच सुमारास फुप्फुसाच्या कर्करोगानें मरणारांचा आंकडा मात्र वाढत चालला होता. संशय घेतला जाई तो मोटारींच्या धुराचा आणि रस्त्यांवरील डांबराचा. ज्या तरुण डॉक्टरानें हा शोध हातीं घेतला, त्या रिचर्ड डॉल यांचा कयासही आरंभीं डांबराकडेच झुकत होता.

डॉल यांचा जन्म १९१२ चा. वडील डॉक्टर असले तरी मुलाचा ओढा गणिताकडे. केंब्रिजची परीक्षा फसली (आदल्या रात्रीं बीयर अंमळ अधिक झाली, असें पुढें ते स्वतःच सांगत) आणि ते वैद्यकाकडे वळले. त्यांचे ज्येष्ठ सहकारी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांची गोष्ट नेमकी उलट. त्यांना डॉक्टर व्हावयाचें होतें. पहिल्या महायुद्धांत क्षयानें गांठलें, आणि ते संख्याशास्त्रज्ञ झाले.

या दोघांनीं प्रथम लंडनमधील वीस इस्पितळांतील रोग्यांना विचारून पाहिलें. १९५० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला : फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत धूम्रपान न करणारे अवघे २, तितक्याच इतर रोग्यांत २७. काम चालू असतांच डॉल यांनीं स्वतःची सिगारेट टाकली होती. परंतु अनेक जाणत्यांचें समाधान झालें नाहीं. रोग जडल्यावर मागील संवयी विचारल्या, तर त्या आठवणींवर कितपत विसंबावें? ही शंका अगदींच पोकळ नव्हती.

तिला उत्तर एकच : निरोग्यांना आधीं विचारावें आणि मग वाट पाहावी. त्यासाठीं त्यांनीं डॉक्टरच निवडले, यांत मोठीच खुबी होती. त्यांचीं नांवें नोंदवहींत असत, आणि त्यांपैकीं कोणी वारला तर तें कळणें सोपें होतें. ऑक्टोबर १९५१ मध्यें ब्रिटनमधील सुमारें साठ हजार डॉक्टरांना पत्रें गेलीं. प्रश्न मोजकेच : आपण ओढतां काय, किती, सोडली असल्यास केव्हां? जन्मभर दुसऱ्यांच्या मृत्यूचे दाखले लिहिणाऱ्यांचीच आतां मोजणी व्हावयाची होती. दवाखाना आणि रात्रीं-अपरात्रींचीं बोलावणीं यांतून वेळ काढून सुमारें चाळीस हजारांनीं उत्तरें धाडलीं. १९५४ च्या पहिल्या वृत्तांतांत या रोगानें गेलेल्या ३६ डॉक्टरांची नोंद होती. ते छत्तीसही धूम्रपान करणारे.

पुढें कित्येक डॉक्टरांनीं संवय सोडली, त्यामुळें आणखी एक हिशेब साधला. सतत सिगारेट ओढणारे सरासरीनें दहा वर्षें आधीं मरतात. साठाव्या वर्षीं सोडणारास सुमारें तीन वर्षें परत मिळतात, पन्नासाव्या वर्षीं सहा, चाळिसाव्या वर्षीं नऊ, आणि तिशींत सोडणारास जवळजवळ सारीं दहा. हा पन्नास वर्षांचा वृत्तांत जून २००४ मध्यें प्रसिद्ध झाला. उत्तरें धाडणाऱ्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांपैकीं पंचवीस हजारांहून अधिक तोंपर्यंत वारले होते. डॉल तेव्हां ९१ वर्षांचे होते, आणि लेखकांत त्यांचें नांव पहिलें होतें.