साखर उतरते म्हणतात
(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)

दारूवर बोलायला उभं राहिलं की निम्मी पोरं बिडी ओढायला बाहेर जातात. त्यांना वाटतं, आता हा कीर्तन लावणार. बसा. मी कीर्तनकार नाही. पांढरपेशे सुधारक आपल्या वस्तीत येऊन आपल्या बापाला बेवडा म्हणून गेले, पण तो का पितो हे त्यांनी विचारलं नाही. गटारात उतरणाऱ्या माणसाला शुद्धीवर राहून तो वास सहन होत नाही. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षासाधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं गुन्हा ठरवलं. माणसं उतरतायत. मरतायत.

आज मला एकाच वाक्यावर बोलायचंय. गुत्त्यावर ऐकतो आपण : ‘शुगर हाय ना? मग मार एक क्वार्टर, साखर उतरते.’

दोस्तांनो, ती उतरते. तेच तर मारतं.

कसं, ते ऐका. आपण उपाशी असतो तेव्हा लिव्हर रक्तात साखर सोडत असतं. साठा संपला की नवी साखर बनवतं. त्यावरच मेंदू चालतो. पोटात दारू गेली की लिव्हर ते विष निस्तरायला लागतं आणि नवी साखर बनवणं बंद पडतं. त्यात माणूस दिवसभर उपाशी, वर इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतलेली. साखर घसरत जाते. कधी रात्री, कधी दुसऱ्या दिवशी पहाटे. घाम सुटतो, हात थरथरतात, जीभ जड होते, झोक जातो, माणूस कोसळतो. लोक म्हणतात, चढलीय.

आमच्या चाळीतले एक काका, कंत्राटी सफाई कामगार, असेच पडले होते. दवाखान्यात नेलं तर ड्यूटीवरचे डॉक्टरसाहेब लांबूनच म्हणाले, पिऊन आलाय, बाजूला झोपवा. कपड्याचा वास आला असेल, वस्तीचाही आला असेल. मावशी ओरडली, ‘आवो, साखरेच्या गोळ्या खातो त्यो! बोट टोचून बघा की!’ टोचलं. यंत्रावर ३१. सत्तरच्या खाली म्हणजे कमी, आणि ही एकतीस! शिरेतून ग्लुकोज गेलं आणि माणूस उठून बसला. मावशी शाळेत गेलेली नाही.

आता उलटी बाजू. रोजची दारू साखर वाढवते. क्वार्टरभर रमीत चारशेच्या वर कॅलरी असतात, तीनेक भाकरींइतक्या, आणि पोषण शून्य. वर तळलेला चकणा. पोट सुटतं, शरीर इन्शुलिनला जुमानत नाही. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचं स्वादुपिंड सुजतं. इन्शुलिन तिथंच बनतं. ते झिजलं की मधुमेह आलाच.

साहेब लोक सांगतात, थोडी घेतली तर मधुमेह टळतो. तसे अभ्यास होते खरे. २०१५ साली ते एकत्र तपासले, तेव्हा हा फायदा दिसला तो फक्त बायकांत आणि आशियाबाहेरच्या लोकांत. आपल्या बापाच्या खात्यात काहीच जमा नाही. दारूनं कॅन्सर होतो हे तर १९८८ पासून नोंदलेलं आहे, आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगून टाकलं की सुरक्षित असा घोट नसतो. महाराष्ट्र दारूबंदी कायद्यात मात्र ‘हेल्थ परमिट’ नावाची चीज आहे. हसू नका.

आणि पाय बघा. साखर नसा मारते, दारूही नसा मारते. दोन्ही असलेल्या माणसाला गटारात काच घुसली तरी कळत नाही. पायमोज्याला रक्त दिसतं तेव्हा कळतं. मग बोट, मग पाऊल.

मधुमेह श्रीमंतांचा रोग म्हणणाऱ्यांना सांगा, २०१७ सालच्या देशपातळीवरच्या पाहणीत महाराष्ट्राच्या शहरांत तो वरच्या थरापेक्षा खालच्या थरात जास्त सापडला. म्हंजे आपल्यात. दारूशिवायही तो होतो. बाबासाहेबांना होता. तेव्हा शुगर निघाली म्हणून कुणाच्या चारित्र्यावर बोट दाखवू नका. बावीस प्रतिज्ञांतली दारूची प्रतिज्ञा सगळ्यांना पाठ आहे. ती कुणाच्या तोंडावर फेकून मारायला दिलेली नाही.

कामाचं सांगतो. मंडळानं साखर मोजायचं यंत्र घ्यावं, वर्गणी काढून. गोळीवाल्या प्रत्येकाच्या खिशात गोळ्यांची चिठ्ठी आणि साखरेची पुडी असू द्या. पडलेला माणूस शुद्धीत असेल, गिळत असेल, तर साखरपाणी पाजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, उचला, दवाखान्यात न्या. तिथं पहिलं वाक्य ‘साखर बघा’. बघेपर्यंत हलायचं नाही.

आणि एक. रोज भरपूर पिणाऱ्याला ‘आजपासून बंद’ म्हणून खोलीत कोंडू नका. अचानक तोडली तर फिट येते, भ्रम होतो, जीवही जातो. ती डॉक्टरच्या हाताखाली, औषधावर सोडवायची असते. सोबत दोघं जा.