खुर्ची घेण्याआधी टेप घ्या
(रौप्यमहोत्सवी व्याख्यानांत सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कमिटीने मला ‘बैठे काम आणि आरोग्य’ हा विषय दिला. मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून दिला असावा. पण आज मी पेशंटच्या गोष्टी सांगणार नाही. माझ्याच घरातली एक चूक सांगणार आहे. कारण तीच चूक आपली सोसायटी एकदम बारा खुर्च्यांच्या बाबतीत करायच्या बेतात आहे.

1999 साली आपण इथे राहायला आलो, तेव्हा ऑफिस ही गाडी पकडून जाण्याची जागा होती. डोंबिवलीकराला खुर्चीपेक्षा लोकलमधल्या चौथ्या सीटची काळजी जास्त! 2020 च्या मार्चमध्ये ऑफिसच घरात आलं. आमची धाकटी आधी पलंगावर बसून काम करायची, मग डायनिंग टेबलावर. दोन महिन्यांत तिची मान धरली. मी तडकाफडकी ऑनलाइन एक खुर्ची मागवली, चौदा हजारांची. डोकं टेकायला उशी, पाठीला जाळी, चाकं, सगळं होतं. वर ‘एर्गोनॉमिक’ असं लिहिलेलं. सोबत एक टेबलही घेतलं.

तीन आठवड्यांनी मान होतीच, शिवाय खांदे दुखायला लागले आणि मांड्यांना मुंग्या यायला लागल्या. एका रात्री ती म्हणाली, “आई, तुझ्याकडे येणाऱ्या लोकांना तू हेच घ्यायला सांगतेस का?”

खरं सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी शिवणाच्या डब्यातला टेप काढला.

तिची उंची पाच फूट एक इंच. चप्पल घालून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतचं माप सोळा इंच. खुर्ची सगळ्यात खाली आणली तरी अठरा इंच! म्हणजे पाय अधांतरी, आणि सीटची कड मांडीखाली रुतणार. मुंग्या येणार नाहीत तर काय होईल? आता हात बघा. ती बसल्यावर तिचं कोपर सीटपासून साडेआठ इंचांवर येतं. अठरा अधिक साडेआठ, साडेसव्वीस. आणि टेबल होतं तीस इंच. दिवसाचे नऊ तास ती खांदे साडेतीन इंच उचलून टाइप करत होती. खुर्ची वर घेतली की हात बरोबर, पण पाय आणखी वर. खाली घेतली की उलटं.

खुर्ची खराब नव्हती. ती तिच्यासाठी नव्हती, एवढंच. आमच्या ह्यांची उंची पाच फूट दहा. ते आजही तीच खुर्ची वापरतात आणि खूष आहेत.

आपण चप्पल घेताना नंबर विचारतो, खुर्ची घेताना विचारत नाही. 1994 मध्ये अमेरिकेत हर्मन मिलर कंपनीची एरॉन नावाची खुर्ची आली. आज ऑफिसात दिसणाऱ्या जाळीच्या पाठीची खरी चाल तिथून पडली. ती खुर्चीसुद्धा तीन मापांत मिळते. भारतीय माणसांची मापं तर आपल्याकडेच आहेत. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने 1997 साली देबकुमार चक्रवर्ती यांचं त्यावरचं आख्खं पुस्तक छापलं. पण दुकानात गेलात तर बहुतेक टेबलं तीस इंचांच्या आसपासच मिळतात. बुटक्या बायकांना तर कोणी हिशेबातच धरलेलं नसतं.

मग आम्ही काय केलं? कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावलं आणि टेबलाचे पाय तीन इंच कापले. टेबलाखालचा ड्रॉवर मांडीला लागायला लागला, तो काढून टाकला. पायाखाली देवघरातला जुना पाट ठेवला, दोन इंचांचा. सासूबाई असत्या तर मला बोलल्या असत्या! लॅपटॉपची गंमत अशी की पडदा आणि की-बोर्ड एकमेकांना चिकटलेले. हात नीट ठेवले तर मान वाकते, मान सरळ ठेवली तर हात वर जातात. म्हणून वेगळा की-बोर्ड आणि माउस घेतला, आणि लॅपटॉप जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर चढवला. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली की थांबायचं. मात्र तुमच्यापैकी ज्यांचा चष्मा दुहेरी भिंगाचा आहे, त्यांनी पडदा थोडा खालीच ठेवा. नाहीतर खालच्या भिंगातून बघायला हनुवटी वर करून बसाल आणि मानेचं दुखणं मलाच दाखवायला याल.

महिनाभरात तिचे खांदे उतरले. मान पूर्ण थांबायला दिवाळी उजाडली.

अजून एक गोष्ट लोक बघतच नाहीत, ती म्हणजे सीटची खोली. पाठ टेकून बसल्यावर सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. सीट जास्त खोल असेल तर माणूस पुढे सरकून कडेवर बसतो, आणि पाठीमागचा तो महागडा आधार नुसता शोभेला राहतो. आणि आधार तर हवाच. नाचेमसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी 1960 च्या दशकात माणसाच्या मणक्याच्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. आधाराशिवाय बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त निघाला. पुढे इतरांच्या मोजण्यांत आकडे थोडे बदलले, पण कमरेच्या मागे टॉवेलची गुंडाळी ठेवून बघा, फरक तुम्हालाच कळेल.

डोक्याच्या उशीला पैसे घालवू नका. टाइप करताना डोकं तिथे टेकतच नाही. उभं राहून काम करायच्या टेबलाचं मला हल्ली फार विचारतात. दिवसभर उभं राहणं हेही दुखणंच आहे, शिक्षकांना आणि पोळीवाल्या मावशींना विचारा. अर्ध्या तासाने उठून पाणी प्यायलात तरी पुष्कळ.

आता आपल्या अभ्यासिकेकडे येते. रौप्यमहोत्सवी निधीतून बारा खुर्च्या आणि चार टेबलं घ्यायची आहेत. कोटेशन मी पाहिलं. सगळ्या खुर्च्या एकाच मापाच्या, हात पक्के बसवलेले, सगळी टेबलं तीस इंच. दिसायला छान दिसेल, फोटोही चांगला येईल. पण तिथे बसणार कोण? नववी-दहावीची मुलं, एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुली आणि घरात जागा नाही म्हणून लॅपटॉप घेऊन खाली येणारे आपले तरुण. पक्के हात टेबलाला अडतात, मग माणूस लांब बसतो आणि पुस्तकावर वाकतो. मुलं तक्रार करणार नाहीत. ती नुसती यायची बंद होतील, आणि आपण म्हणू, हल्लीच्या मुलांना अभ्यासच नको.

कमिटीला माझी विनंती आहे की बारापैकी निदान चार खुर्च्या कमी उंचीच्या घ्या आणि दोन टेबलं सत्तावीस इंचांची करून घ्या. सुतार ते करतो. फरशीवर घसरणार नाहीत अशी रबरी चाकं मागा. आणि ऑर्डर देण्याआधी नमुन्याची एक खुर्ची आठवडाभर वॉचमनच्या केबिनशेजारी ठेवा. बी विंगमधल्या सगळ्यात बुटक्या मुलीला आणि ए विंगमधल्या सगळ्यात उंच मुलाला तिच्यावर तासभर बसवा.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी याच सभागृहात टेप घेऊन बसणार आहे. ज्यांना आपलं माप घ्यायचं आहे त्यांनी या. घरात घालता त्या चपला घालून या, आणि घरच्या टेबलाची उंची कागदावर लिहून आणा.