पडद्यावर दिसणारे खेळ आणि न दिसणारे खेळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या दिवशी खेळांविषयी चार शब्द बोलावेत असे कार्यकारी मंडळाने सुचवले. खेळांविषयी बोलायला मैदान गाजवलेले कोणी असते तर अधिक शोभले असते. पण मी खेळ कसा खेळावा हे सांगणार नाही. आपल्या घरातल्या टीव्हीवर क्रिकेट बारा महिने दिसते, आणि ज्या मातीत आपल्यापैकी कितीतरी जणी लहानपणी खोखो खेळल्या तो खोखो क्वचितच दिसतो, असे का होते, एवढाच माझा आजचा विषय आहे.

यावर सहज उत्तर येते, की लोकांना जे आवडते ते दाखवतात. हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. लोकांना आवडते म्हणून दाखवतात, हे जितके खरे, तितकेच दाखवतात म्हणून आवडू लागते, हेही खरे. जो खेळ कधी डोळ्यांपुढे आलाच नाही त्याची गोडी लागणार कशी?

आता दुसरे अर्धे उत्तर पाहू. टीव्हीची वाहिनी चालते मुख्यतः जाहिरातीवर. जाहिरातीला हवी असते फट. एक दिवसाच्या क्रिकेट सामन्यात दोन्ही बाजूंची मिळून शंभर षटके असतात. षटक संपले की क्षेत्ररक्षक जागा बदलतात, आणि तेवढ्यात साबण, चहा, नाहीतर मोटारगाडी आपल्या दिवाणखान्यात येऊन जाते. गडी बाद झाला की आणखी एक फट. फुटबॉलचे तसे नाही. पंचेचाळीस मिनिटांचा डाव एकदा सुरू झाला की तो मध्ये थांबत नाही. खेळ म्हणून फुटबॉल कुठे कमी आहे? सारे जग त्याच्यामागे वेडे आहे. पण जाहिरातवाल्याच्या हिशेबाने क्रिकेट हे दारे-खिडक्यांचे हवेशीर घर आहे.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्याची. खेळ पडद्यात मावला पाहिजे आणि पाहणाऱ्याला कळला पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले. केवढा पराक्रम! पण श्वास रोखून उभ्या असलेल्या माणसाची एकाग्रता पडद्यावर कशी दिसावी? नाशिक जिल्ह्यातल्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक जिंकले. मैदानाला पंचवीस फेऱ्या घालणाऱ्या त्या मुलीच्या छातीतली धडधड कॅमेऱ्याला टिपता येत नाही. असे खेळ चार वर्षांतून एकदा ऑलिंपिकच्या पंगतीला बसतात, आणि पंगत उठली की पुन्हा दिसेनासे होतात.

पण भगिनींनो, क्रिकेटलाही हे भाग्य जन्मतः मिळालेले नाही. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने १९८२ साली आपल्याकडे रंगीत टीव्ही आला, आणि लगेच पुढच्या वर्षी, २५ जून १९८३ रोजी, कपिल देवच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला. नव्या पेटीला नवा विजय मिळाला. त्याच आशियाई खेळांत हॉकीच्या अंतिम सामन्यात आपण पाकिस्तानकडून १–७ असे हरलो होतो. एका खेळाचा विजय घराघरात पोचला, आणि दुसऱ्याचा पराभव. पुढे १९९३ साली हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी नाही, असा निर्णय न्यायालयाने १९९५ साली दिला. खाजगी वाहिन्यांना वाट मोकळी झाली, आणि क्रिकेटच्या हक्कांचे लिलाव चढत गेले. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या हक्कांना ४८,३९० कोटी रुपये मिळाले. एवढे पैसे मोजणारा माणूस ते वसूल करण्यासाठी तोच खेळ आपल्याला रात्रंदिवस दाखवणार, हे ओघानेच आले. श्रीमंताच्या घरी लग्न, तर वाजंत्रीही त्याच्याच दारी!

मग बाकीच्या खेळांनी नशिबाला बोल लावून बसायचे काय? कबड्डीने तसे केले नाही. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने जगाला दाखवलेला हा खेळ टीव्हीवर मात्र जवळजवळ नव्हताच. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली. माती जाऊन मॅट आली, दिव्यांचा झगमगाट आला, आणि सामने ऐन संध्याकाळच्या वेळी लागले. चढाईला तीस सेकंद; दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवा, नाहीतर बाद व्हा. मैदान तर जेमतेम तेरा मीटर लांब नि दहा मीटर रुंद, पडद्यात नीट मावणारे. पहिल्याच वर्षी कबड्डी पाहणाऱ्यांची संख्या कोट्यवधींवर गेली. खेळ तोच होता. दाखवायचे कोणीतरी मनावर घेतले, एवढाच फरक.

आता माझ्या मनात सलणारी गोष्ट सांगते. २०१२ साली पाटण्यास स्त्रियांची पहिली विश्वचषक कबड्डी स्पर्धा झाली, ती भारताच्या मुलींनी जिंकली. तरी प्रो कबड्डी सुरू झाली ती पुरुषांची. २०१६ साली तिच्या जोडीने स्त्रियांच्या तीन संघांचे सामने दाखवले, पण पुढे त्यांचा सिलसिला राहिला नाही. खोखोचेही तेच. २०२२ साली अल्टिमेट खोखो ही लीग निघाली, तीही पुरुषांची. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खोखोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तिच्यात आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असे हरवले. आज इथे बसलेल्यांपैकी किती जणींनी तो सामना पाहिला?

“बायकांचे खेळ बघतो कोण?” असे म्हणणाऱ्यांना क्रिकेटच्याच मुलींनी उत्तर दिले आहे. २००५ साली मिताली राजचा संघ विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोचला होता, पण त्याची आठवण फारच थोड्यांना असेल. २०१७ साली लॉर्ड्सवरचा अंतिम सामना आपण अवघ्या नऊ धावांनी हरलो. तो मात्र घरोघर पाहिला गेला, आणि हरलेल्या मुलींची नावे लोकांच्या तोंडी झाली. २०२३ साली त्यांची स्वतंत्र लीग निघाली. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक उचलला, तेव्हा स्टेडियम तुडुंब भरले होते. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना आणि मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज आज शाळकरी मुलींना घरच्या वाटतात. तरी हिशेब पाहा. आयपीएलच्या एका सामन्याच्या प्रक्षेपणाला सरासरी ११८ कोटी रुपये मिळाले, तर मुलींच्या लीगच्या एका सामन्याला सुमारे सात कोटी. वाट उघडली आहे, पण ती अजून लांबची आहे.

हे पडद्यावर दिसणे केवळ कौतुकापुरते असते तर मी आपला वेळ घेतला नसता. जो खेळ दिसतो त्याला पैसा मिळतो, प्रशिक्षक मिळतो, नोकरीचा आधार मिळतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आईबापांचा होकार मिळतो. मुलगी दहावीला गेली की “आता पुरे झाले उड्या मारणे” असे आपणच म्हणतो. तिच्यापुढे एखादी प्रियांका रोज दिसत असती, तर आपल्या तोंडून ते वाक्य इतक्या सहज निघाले नसते.

आपल्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. निवडक घरांतल्या मापकयंत्रांवरून कोण काय पाहते याचा अंदाज बांधला जातो, आणि त्यावरून जाहिरातीचा दर ठरतो. संध्याकाळच्या मालिका इतक्या जोरात का चालतात? आपण त्या पाहतो म्हणून. तेल, मसाले, साबण विकणारा ज्या गृहिणीला डोळ्यांपुढे ठेवतो, ती गृहिणी आपणच. तेव्हा मुलींचा सामना असेल त्या दिवशी मालिका बाजूला ठेवून घरातल्या सर्वांना तो पाहायला बसवा. तालुक्याच्या नि जिल्ह्याच्या सामन्यांना मुलींना घेऊन मैदानावर जा. मोकळ्या मैदानात टाळ्या वाजवायला चार बायका उभ्या राहिल्या तरी खेळणाऱ्या पोरीला बळ येते. आणि आजकाल प्रत्येकीच्या हातात चित्रीकरण करणारा फोन आहे. वाहिनी येईल तेव्हा येईल, आपल्या पेठेतल्या मुलींचा खोखो आपण स्वतः टिपून चार घरी पाठवू शकतो.

या वर्षी मंडळाने निदान एका मुलींच्या सामन्याला सर्वांनी मिळून जावे, एवढी विनंती करते आणि माझे बोलणे संपवते.