एका काउंटीचे अंदाजपत्रक

(नभोवाणीवरील भाषण)

फेब्रुवारी महिना लागला की इंग्लंडमधील काउंटी कौन्सिलांच्या सभागृहांत अंदाजपत्रकाचे वारे वाहू लागतात. तेथील आर्थिक वर्ष आपल्याप्रमाणेच १ एप्रिल रोजी सुरू होते, आणि रहिवाशांकडून किती कर घ्यावयाचा तो आकडा काउंटीने १ मार्चच्या आत निश्चित करावा असे कायद्याचे बंधन आहे. त्यामुळे रस्त्यांवरील खड्डे, वृद्धांची शुश्रूषा, निराधार मुलांचा सांभाळ, खेड्यातील वाचनालय आणि आडवाटेची बस ह्या सर्वांचे भवितव्य ह्या एका थंडीच्या महिन्यात ठरते. बाहेरच्या जगाला ह्या वादविवादाचा मागमूसही नसतो. पार्लमेंटातील अंदाजपत्रकाच्या दिवशी वृत्तपत्रे रकाने भरून लिहितात. काउंटीचे अंदाजपत्रक मात्र स्थानिक पत्राच्या आतल्या पानावर येते, आणि वाचकाच्या दारात त्याचे परिणाम त्या मोठ्या अंदाजपत्रकाहून लवकर पोचतात.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. तेथील निवडून आलेली काउंटी कौन्सिले १८८८ च्या कायद्याने जन्मास आली आणि १८८९ साली कामास लागली. त्यापूर्वी काउंटीचा कारभार जमीनदार वर्गातले मॅजिस्ट्रेट आपल्या त्रैमासिक बैठकांत पाहत असत. न्यायदान आणि पुलांची दुरुस्ती एकाच मेजावर चाले. येथे एक गंमत नोंदविण्याजोगी आहे. लॉर्ड रिपन ह्यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा, आणि मुंबई इलाख्यातील लोकल बोर्डांचा कायदा १८८४ चा. म्हणजे जिल्ह्याच्या कारभारात लोकनियुक्त सभासद बसविण्याचा प्रयोग, मर्यादित स्वरूपात का होईना, राज्यकर्त्यांनी आपल्या घरी करण्यापूर्वी आपल्याकडे करून पाहिला होता.

आता काउंटीच्या हाती असते काय ते पाहावे. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत कारभार दुमजली राहत आला आहे. वरच्या मजल्यावर काउंटी, खालच्या मजल्यावर डिस्ट्रिक्ट कौन्सिले. घरोघरचा कचरा गोळा करणे खालच्या मजल्याचे काम, आणि गोळा झालेल्या कचऱ्याची विल्हेवाट लावणे वरच्या मजल्याचे. घरबांधणीला परवानगी खालून, रस्ते वरून. नागरिकाला हा भेद सहसा ठाऊक नसतो आणि तो ठाऊक असावा अशी अपेक्षाही फारशी न्याय्य नाही. परंतु खर्चाचा खरा भार काउंटीवर असतो, कारण वृद्ध, अपंग आणि संकटातील मुले ह्यांची काळजी घेणे हे तिचे कायदेशीर कर्तव्य आहे. खर्चाचा निम्म्याहून अधिक वाटा ह्याच दोन-तीन बाबींत जातो. ह्या बाबी अशा आहेत की त्यांत कौन्सिलरांना नाही म्हणता येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला ‘ह्या वर्षी तरतूद संपली’ असे कायदा सांगू देत नाही. मग कात्री चालते ती उरलेल्या लहान वाट्यावर, म्हणजे वाचनालये, बसगाड्यांची अनुदाने, रस्त्यांची डागडुजी ह्यांवर. सभागृहातील कडाक्याचे वाद बहुधा ह्याच लहान वाट्यावरून होतात, हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. पण मोठ्या वाट्यावर वाद घालण्यास जागाच नसते.

उत्पन्नाची बाजूही अशीच बांधलेली. घरांवरील कौन्सिल टॅक्स १९९३ साली सुरू झाला. त्यासाठी घरांच्या किमती १ एप्रिल १९९१ च्या धरतात, आणि इंग्लंडात त्या आजतागायत नव्याने आकारलेल्या नाहीत. शिवाय मध्यवर्ती सरकारने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे कर वाढवावयाचा असेल तर रहिवाशांचे सार्वमत घ्यावे लागते. दैनंदिन खर्चासाठी कर्ज काढता येत नाही, आणि जमाखर्चाची तोंडमिळवणी झालीच पाहिजे. अशा चौकटीत २०१० नंतर सरकारी अनुदानाची काटछाट आली. इंग्लंडच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ साली काढलेल्या हिशेबाप्रमाणे, महागाई वजा जाता, स्थानिक संस्थांना मिळणारा सरकारी पैसा २०१०-११ ते २०१७-१८ ह्या सात वर्षांत सुमारे ४९ टक्क्यांनी घटला होता.

ह्या काळाचा धडा ज्या काउंटीने साऱ्या देशाला दाखविला ती नॉर्थॅम्प्टनशर. इंग्लंडच्या मध्यभागी वसलेली, जोडे बनविण्याच्या धंद्यासाठी नावाजलेली, सुमारे साडेसात लाख वस्तीची ही काउंटी. मराठी माणसाला तिचे नाव परके असण्याचे कारण नाही. १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश श्रीरामपूरहून प्रसिद्ध करणारे विल्यम केरी ह्याच काउंटीतील पॉलर्सपरी गावचे. जोडे शिवता शिवता त्यांनी भाषा शिकल्या आणि मोल्टन गावी शाळा चालविली, तीही हीच काउंटी.

२०१८ च्या फेब्रुवारीत ह्या काउंटीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याने एक नोटीस काढली. १९८८ च्या स्थानिक वित्तविषयक कायद्यातील ११४ व्या कलमाखाली, संस्थेचा खर्च तिच्या साधनांपलीकडे जात आहे असे दिसताच अशी नोटीस काढणे ह्या अधिकाऱ्याचे कर्तव्य असते. मग त्याच्या वरिष्ठांना ते रुचो वा न रुचो. नोटीस निघाली की कायद्याने बंधनकारक असलेल्या सेवांखेरीज नवा खर्च थांबतो, आणि एकवीस दिवसांच्या आत सर्व सभासदांनी एकत्र बसून तिचा विचार करावा लागतो. आपल्याकडे ज्याला दिवाळे म्हणतात ते हे नव्हे, कारण तेथील स्थानिक संस्थेला कायद्याने दिवाळे काढता येत नाही. तरीसुद्धा लंडनमधील हॅकनी कौन्सिलावर २००० साली हा प्रसंग आला होता, त्यानंतर सुमारे दोन दशके अशी नोटीस कोणावर निघाली नव्हती. त्यामुळे देशभर खळबळ उडाली.

खळबळ उडण्यास आणखी एक कारण होते. चारच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, ह्याच कौन्सिलाच्या नव्या कचेरीचे थाटाचे उद्घाटन झाले होते. ‘वन एंजेल स्क्वेअर’ नावाची ही वास्तू ५ कोटी ३० लाख पौंडांची. विखुरलेल्या कचेऱ्या एका छपराखाली आणल्या की खर्च वाचेल, हा त्यामागचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण सोयऱ्यांना जेवायला बोलावून दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडे पीठ मागावे, तशी त्या उद्घाटनाची शोभा झाली. वर्ष उलटण्यापूर्वी ती इमारत ६ कोटी ४० लाख पौंडांना विकून टाकण्यात आली आणि कौन्सिल आपल्याच कचेरीत भाडेकरू म्हणून राहू लागले.

फेब्रुवारीतील अंदाजपत्रकाची सभा ठरली होती. परंतु मांडावयाचे अंदाजपत्रक कायदेशीर ठरणार नाही अशी सूचना लेखापरीक्षकांनी आयत्या वेळी दिली. सभा काही दिवस पुढे ढकलण्यात आली, आकडे पुन्हा जुळविण्यात आले, आणि महिनाअखेर नवे अंदाजपत्रक संमत झाले. त्यात काउंटीच्या ३६ वाचनालयांपैकी २१ बंद करण्याचे आणि बसगाड्यांची अनुदाने काढून घेण्याचे घाटत होते. अशा सभेत मत देणे ही सोपी गोष्ट नव्हे. २०१४ पासून नियम असा आहे की अंदाजपत्रकावर कोणी कसे मत दिले ते नावानिशी नोंदले जाते. हात वर करून गर्दीत लपण्याची सोय उरलेली नाही. दुसरा एक नियम त्याहून मार्मिक आहे. ज्या सभासदाचा स्वतःचा कौन्सिल टॅक्स दोन महिने थकलेला असेल त्याने सभेत तसे सांगावे आणि मतदानापासून दूर राहावे. न सांगितल्यास तो गुन्हा ठरतो. दुसऱ्यावर कर बसविणाऱ्याने आधी आपली बाकी फेडावी, ह्या साध्या न्यायाला तेथे कायद्याचे रूप आहे.

सरकारने मॅक्स कॉलर ह्या अनुभवी प्रशासकास चौकशीसाठी नेमले होते. मार्च २०१८ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि कौन्सिलाच्या पुढाऱ्यांचा बचाव ढासळला. अनुदान कमी झाले म्हणून आम्ही बुडालो, असे कौन्सिलाचे म्हणणे होते. अनुदान तर सर्वच काउंट्यांचे कमी झाले होते, आणि नॉर्थॅम्प्टनशरची स्थिती इतरांहून विशेष वाईट नव्हती, असा कॉलर ह्यांचा निष्कर्ष होता. दोष कारभाराचा होता. वर्षाच्या आरंभी काटकसरीचे आकडे मांडावयाचे, वर्षअखेर ते साधले नाहीत की इमारती-जमिनी विकून आलेला पैसा खड्ड्यात ओतावयाचा, आणि पुढच्या वर्षी तोच खेळ पुन्हा मांडावयाचा, अशी रीत पडली होती. शेत विकून ज्वारी घेणाऱ्या घराची जी गत होते तीच झाली. भांडवली उत्पन्न एकदाच येते, मोलकरणीचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो.

कराच्या बाबतीतही असाच एक मोह होता. २०१० नंतरच्या काही वर्षांत कर न वाढविण्याचे धोरण मतदारांना गोड लागले. त्याचा हिशेब मात्र कडू आहे. शंभर पौंडांचा कर दरसाल दोन टक्क्यांनी वाढविला तर चार वर्षांनी तो १०८ पौंडांवर जातो. चार वर्षे गोठविला तर तो शंभरच राहतो, आणि पुढे कितीही पश्चात्ताप झाला तरी सार्वमताच्या मर्यादेमुळे ती उडी एकदम मारता येत नाही. म्हणजे चार वर्षांच्या लोकप्रियतेची किंमत त्यापुढील प्रत्येक वर्षी मोजावी लागते. कर कमी ठेवणे हे वाईट असे नव्हे. परंतु कर कमी आणि सेवा पूर्वीच्याच, ही दोन्ही वचने एका सभेत देणाऱ्याने तिसरा पैसा कोठून येणार ते सांगावयास हवे होते.

कॉलर ह्यांच्या अहवालातील सर्वांत बोचरा भाग पैशाविषयी नाही, प्रश्नांविषयी आहे. सभासदांनी विचारलेल्या अगदी रास्त प्रश्नांना उत्तरे नाकारली गेली होती. छाननी समितीचे काम कार्यकारी मंडळाला जेवढे रुचेल तेवढ्यापुरते आखले गेले होते. २००० सालच्या कायद्यानंतर बहुतेक काउंट्यांत जुन्या समित्यांची पद्धत जाऊन छोट्या मंत्रिमंडळासारखी रचना आली. आठ-दहा सभासद कारभार पाहणार आणि बाकीचे त्यांच्यावर लक्ष ठेवणार, ही त्यामागची कल्पना. नॉर्थॅम्प्टनशरच्या ५७ सभासदांपैकी बहुसंख्य एकाच पक्षाचे होते. आपल्याच पुढाऱ्याला भर सभेत आकडे विचारणे हे तेथे पक्षद्रोहासारखे वाटू लागले असल्यास नवल नाही. दोन वर्षे लेखापरीक्षकांनी प्रतिकूल शेरे मारले होते, तेही फायलींत विसावले. चव्हाट्यावर आलेल्या संकटाची सारी चिन्हे कागदोपत्री आधीच हजर होती. त्यांकडे बोट दाखविण्याचा ज्यांचा अधिकार होता ते सभागृहात बसलेही होते.

अहवालाची शिफारस कठोर होती: ही काउंटी कौन्सिल सुधारू नये, ती संपवावी. अहवालानंतर पुढाऱ्याने राजीनामा दिला. सरकारने कारभारावर कमिशनर नेमले. जुलै २०१८ मध्ये दुसरी नोटीस निघाली, आणि ऑगस्टमध्ये कौन्सिलाने आपल्या सेवा कायद्याने आवश्यक तेवढ्या गाभ्यापर्यंत आणण्याची दिशा स्वीकारली. त्याच महिन्यात वाचनालयांचा प्रश्न उच्च न्यायालयात तडीस गेला. रहिवाशांनी फिर्याद केली होती. १९६४ च्या कायद्याप्रमाणे काउंटीने सर्वसमावेशक आणि कार्यक्षम वाचनालयसेवा दिली पाहिजे. एकवीस वाचनालये बंद केल्यावर उरणारी सेवा तशी राहील की नाही, ह्याचा विचारच निर्णय घेताना नीट झालेला नाही, असे ठरवून न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. पैसे नाहीत हे कारण खरे असले तरी ते पुरेसे नव्हते. ह्या निकालाने काउंटीच्या तिजोरीत एक पेनीही आली नाही, हेही तितकेच खरे. पुढे काही वाचनालये गावकऱ्यांनी स्वतः चालवावयास घेतली. ग्रंथपालाच्या पगाराची जागा स्वयंसेवकांच्या फावल्या वेळाने घेतली. गावाला वाचनालय राहिले म्हणून आनंद मानावा, की जे काम कराच्या पैशातून व्हावयाचे ते फुकटच्या श्रमावर ढकलले गेले म्हणून खेद करावा, ह्याविषयी दोन मते असू शकतात.

२०१८ च्या अखेरीस सरकारने कचेरीच्या विक्रीतील ६ कोटी पौंड दैनंदिन तूट भरून काढण्यास वापरण्याची खास परवानगी दिली. ज्या सवयीवर अहवालाने बोट ठेवले होते तीच गोष्ट ह्या वेळी रीतसर परवान्याने करावी लागली. औषध म्हणून घेतलेली दारू, असे फार तर तिचे समर्थन करता येईल.

१ एप्रिल २०२१ रोजी नॉर्थॅम्प्टनशर काउंटी कौन्सिल आणि तिच्या खालची सात डिस्ट्रिक्ट व बरो कौन्सिले एकदम विसर्जित झाली. कॉर्बी, केटरिंग, वेलिंगबरो आणि ईस्ट नॉर्थॅम्प्टनशर मिळून उत्तरेचे एक, तर नॉर्थॅम्प्टन, डॅव्हेंट्री आणि साऊथ नॉर्थॅम्प्टनशर मिळून पश्चिमेचे एक, अशी दोन एकमजली कौन्सिले त्यांच्या जागी आली. कचरा उचलणारा आणि त्याची विल्हेवाट लावणारा आता एकच झाला. दरम्यान क्रॉयडन, स्लाव, थरक, बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम येथेही ११४ व्या कलमाच्या नोटिसा निघाल्या, आणि जी गोष्ट २०१८ साली अपवाद वाटली होती ती बातम्यांत नित्याची होऊन बसली.

काउंटीची मालमत्ता आणि देणी दोन वारसांत वाटली गेली. एक गोष्ट मात्र वाटता आली नाही. निराधार आणि धोक्यात असलेल्या मुलांचे काम नोव्हेंबर २०२० मध्येच एका स्वतंत्र ट्रस्टकडे सोपविण्यात आले होते, आणि तो ट्रस्ट दोन्ही कौन्सिलांसाठी एकत्र काम करू लागला. त्याचा खर्च किती आणि त्यातील कोणाचा वाटा किती, हा प्रश्न दोन्ही सभागृहांपुढे अंदाजपत्रकाच्या वेळी यावयाचाच.